सुकटीचा वास

वास येतोय म्हणून राहीने मला तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी तिला गप्प केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला सावरून घ्यायला नको. माझं तोंड कसं आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, सगुणा, तू एकदा बोलायला लागलीस की समोरच्याने आपलं जेवून घ्यावं.

सावर्ड्याहून आत चार मैलांवर आमची वाडी. घरात मी आणि माझी सून राही, दोघीच. मुलगा रितेश मुंबईला धान्याच्या गोदामात कामाला. लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्यावरून मी राहीला कधी टोचून बोलले नाही असं मी सगळ्यांना सांगते. बोलले नाही हे खरं, पण कुणाच्या बारशाला जाऊन आले की दोन दिवस भांडी आपटायचे. ती काय बहिरी होती?

ह्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला आणि भाताला शेवटचं ऊन देता आलं नाही. एरवी आम्ही भात अंगणात दोन दिवस खडखडीत वाळवतो, कीड लागू नये म्हणून निगडीचा पाला घालतो आणि बांबूच्या कणगीत भरतो. ह्या वर्षी नुसता पाला घातला. श्रावणात झाकण उघडलं तर भुरभुर पाखरं उडाली. भातात कोपरापर्यंत हात घातला, तर आत भात कोमट. कोमट लागला म्हणजे किडे आत नांदतायत. वर्षभराचं खाणं ते. मी रितेशला फोन करून जे तोंड सोडलं ते सोडलं, जसं काय पाखरं त्यानेच आणून सोडली होती.

शनिवारी तो आला तो खिशात गोळ्यांची डबी घेऊन. "आई, पाला आता राहू दे तुझा," म्हणाला. "आमच्या गोदामात ह्याच टाकतात. एक किडा जिवंत राहत नाही." रविवारी दुपारी फडक्यात बांधून त्याने गोळ्या कणगीत पुरल्या. एकदोन पुरे की, मी म्हटलं. तर म्हणतो, "पाखरं किती आहेत बघतेयस ना?" आणि डबी रिकामी केली. वर झाकण, झाकणावर प्लास्टिक, त्यावर सुतळी. आठ दिवस उघडायचं नाही, एवढं बजावून त्याने संध्याकाळची गाडी धरली. गोदामात गोळ्या टाकायला वेगळी शिकलेली माणसं येतात, हा नुसता बाहेर उभा राहून पोती मोजतो, हे मला मागाहून कळलं.

आमचं घर कौलारू. भाताची खोली आणि राहीची खोली यांच्यामध्ये भिंत आहे, पण ती वर कौलांपर्यंत जात नाही. माणूसभर उंच गेली की संपली. मी झोपते पुढच्या पडवीत, चारी बाजूंनी वारा.

सोमवारी सकाळी राही उठली तीच डोकं धरून. चहा घेतला आणि मोरीवर जाऊन ओकली. मी पाठ चोळायला गेले तर म्हणाली, "आई, रात्रीपासून कसला तरी वास येतोय. कुजक्या सुकटीसारखा. तुम्हाला येतो?"

आता सुकटीचा डबा आमच्या घरात होताच. सुके बोंबील नि सोडे मेमध्ये भरून ठेवलेले, श्रावण लागला म्हणून फडताळात मागे सारलेले. रोज ज्या डब्यावरून हात फिरतो त्याचा वास हिला आजच कुठून यायला लागला? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पांढरी फटक पडलेली. ओकारी, चक्कर, वास सोसवत नाही. मी बोटांवर महिने मोजले. रितेश मेमध्ये पंधरा दिवस राहून गेला होता.

"बाय माझी," मी म्हटलं, "अगो तुला दिवस गेलेत."

"आई, मला नाय वाटत," ती म्हणाली. "मला तर..."

"तुला काय कळतंय? पहिलटकरणीला कधी कळतं? गप निजून राहा."

तिने तोंड मिटलं. मी तिला तिच्या खोलीत नेऊन निजवली. पावसाची झड आत येत होती म्हणून खिडकी लावली. सुकटीचा वास तिला नको म्हणून दार ओढलं, आणि दाराखालच्या फटीत माझं जुनं लुगडं घडी करून घट्ट बसवलं. स्वतःच्या हाताने बसवलं. मग शिरा करायला घेतला आणि शिरा होईतो गडग्यावरून तुळसाला हाक मारून सांगितलंसुद्धा. तुळसा म्हणजे आमची शेजारीण. तिला सांगितलं म्हणजे वाडीला वेगळं सांगावं लागत नाही.

दहाच्या सुमारास शिरा घेऊन गेले. राहीने दोन घास घेतले आणि परत ओकली. कपाळावर दरदरून घाम, हात मात्र गार. "छातीवर कुणी बसलंय असं वाटतंय," म्हणाली. "आणि वास वाढलाय हो." मी म्हटलं, होतं तसं. रितेशच्या वेळी मला फोडणीचा वास चालत नव्हता, म्हणून काय मी घर डोक्यावर घेतलं नव्हतं. माझंही डोकं चढलं होतं, पण मला वाटलं, आनंदाने चढलं असेल. असं कुणाचं चढतं का? पण वाटलं खरं.

बाराच्या पुढे तिने हाक मारली. आवाज अगदी खोल. "आई, वास सोसवत नाय. मी पडवीत येऊन निजू का?"

नको, मी म्हटलं. पडवीत गारठा, जाणाऱ्यायेणाऱ्याची नजर. तिसऱ्या महिन्यात जपावं लागतं. उठायचं नाही म्हणजे नाही. आणि लुगडं परत फटीत सारलं.

पण पोरीचा जीव घुसमटत होता ते दिसत होतं. म्हणून मी काय केलं, तर सुकटीचा डबाच उचलला आणि पावसातून तुळसाकडे नेऊन ठेवला. आल्यावर फडताळ राखेने घासलं, पुसलं, वर उदबत्ती लावली. ह्यात अर्धा तास गेला असेल. मग मी मोठ्या तोऱ्यात राहीचं दार उघडलं. आता सांग म्हणावं, कुठे आहे वास.

वास तिथेच होता. भपकन तोंडावर आला.

डबा तुळसाकडे, फडताळ धुतलेलं, आणि वास इथे. मी दारात उभी राहिले. स्वयंपाकघरात परत गेले, हुंगलं. काही नाही. भाताच्या खोलीपाशी गेले तर तिथे वास असा की डोकं गरगरलं. उंबऱ्यापाशी दोन झुरळं नि एक पाल उताणी पडलेली. रितेशचं बोलणं मला तेव्हा आठवलं. एक किडा जिवंत राहत नाही. आणि भिंतीपलीकडे मी माझ्या सुनेला कोंडून ठेवली होती.

"राही!" मी ओरडले. आत जाऊन हलवली तर डोळे अर्धे उघडे, ओठ काळेनिळे. उचलायला गेले तर उचलेना. साठीची बाई मी, ती भरल्या अंगाची. मग गोधडीची दोन टोकं धरली आणि ओढत निघाले. उंबऱ्यावर तिचं डोकं आपटलं. मी थांबले नाही. देवा रवळनाथा, हिला घेऊ नको, मला घे, असं म्हणत होते की नुसती रडत होते ते आता सांगता येत नाही. अंगणात आणून भर पावसात तिला आडवी केली आणि तुळसाच्या नावाने बोंब मारली.

तुळसाने सुलेमानला बोलावलं. त्याची रिक्षा वाडीच्या तोंडाशीच असते. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, आम्ही दोघींनी धरून राहीला आत घेतली आणि तो सुटला. वाटेत मी रितेशला फोन लावला. "कुठे होती ती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, खोलीत. "कुठल्या खोलीत?" तुझ्या, मी म्हटलं. मग म्हणाला, "आई, डॉक्टरला गोळ्यांचं नाव सांगायला लागेल, लिहून घे." रिक्षात मी कशावर लिहिणार? सुलेमानने ते नाव दवाखान्यापर्यंत तोंडाने घोकत नेलं.

डॉक्टरीण बाई तरुण होती. नाव ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. "ह्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, त्यावर उताऱ्याचं औषध नसतं," म्हणाली. "आम्ही श्वास आणि रक्तदाब सांभाळतो. तिच्या हृदयाने साथ दिली तर पहिले दोन दिवस निघतील. आणखी काही? गरोदर वगैरे?" मी म्हटलं, तिसरा महिना. तिने ते लिहून घेतलं.

त्या दोन दिवसांत मी बाकावरून उठले नाही. काचेच्या दारातून तिला लावलेलं यंत्र दिसायचं. त्याचा आवाज जरा बदलला की मी रवळनाथाचं नाव घ्यायचे. नर्स धावत आत गेली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस व्हायचं नाही. रितेश आला. माझ्या शेजारी बसला. दोघांपैकी कोण कुणाला बोल लावणार? दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, तपासणी केली, ती गरोदर नाही, नव्हतीच. मी मान हलवली. सहा वर्षं ज्याच्यासाठी भांडी आपटली ते नाही म्हणून सांगितलं आणि मला काडीचं काही वाटलं नाही. मला राही हवी होती.

तिसऱ्या दिवशी तिला साध्या खाटेवर आणली. डोळे उघडले, मला ओळखलं. मी तिचा हात धरून बसले. मनात एकच धाकधूक, हिला आता कसं सांगू. मीच तिला आशा लावलेली. शेवटी सांगून टाकलं. "राही, पोटात बाळ नव्हतं गो. माझंच चुकलं."

"माहीत होतं, आई," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "मागच्याच आठवड्यात पाळी येऊन गेली माझी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. एवढं सगळं होऊनसुद्धा चढला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. राहीने डोळे मिटून घेतले.

मी आवाज खाली आणला. "अगो, जीव चालला होता तुझा," मी म्हटलं. "मरणाची भीती नाय वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण तुमची जास्त वाटली."