निम्मा वाटा

दहाव्याच्या दिवशी दादांच्या पिंडाला कावळा शिवेना.

दादा म्हणजे आमचे वडील, साहेबराव. दारूने यकृत गेलं, मग ते गेले. आजोबाही तसेच गेले होते. माझा धाकटा भाऊ विश्वजीत व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन अकरा महिने झाले होते. तिथं मी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, मी माणूसच हलका." त्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी वाचलेलं सांगितलं. दारूची ओढ, स्वतःला आवरता न येणं, यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो.

"म्हणजे दादांकडूनच आलंय," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलायचं मी पुढच्या भेटीवर ठेवलं. ते राहूनच गेलं.

नदीकाठी तास उलटला. सांडूकाका विश्वजीतला म्हणाले, "कबूल कर कायतरी. जीव अडकलाय त्यांचा."

मुंडण केलेल्या डोक्याने तो पुढे झाला, हात जोडले. "दादा, मी पिणार नाही."

कावळे बाभळीवरच.

"नाय पटलं त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

"अरं, क्वार्टर ठिवा की त्यांची. लाडू काय ठिवता?" काका म्हणाले. "विशू, तूच जा. त्यांची कोणती, तुलाच ठाऊक."

खरं होतं. लहानपणी दादा त्यालाच पाठवायचे.

मी उठायला हवं होतं. दुकान रस्त्यापलीकडेच होतं. पण बापाच्या दहाव्याला लेक दारूच्या दुकानात? वीस माणसं बघत होती. मी ओढणी सावरून बसून राहिले.

तो गेला आणि पाचेक मिनिटांत कावळा उतरला, पिंडाला चोच लावून गेला. सगळ्यांनी हात जोडले, मग चपला शोधू लागले. मी विश्वजीतला फोन लावला. तो माझ्याच पिशवीत वाजला. अंघोळीआधी त्यानेच ठेवायला दिला होता.

अर्ध्या तासाने तो आला. बाटली उपरण्यात गुंडाळलेली, सील तुटलेलं.

"शिवला?"

"तू गेल्यावर लगेच."

कावळ्यांनी एव्हाना रिकाम्या केलेल्या पत्रावळीकडे त्याने बघितलं. बोलला तेव्हा वास आला. "ताई, तूच म्हणाली होतीस ना, दादांकडूनच आलंय..."

मी बाटलीसाठी हात पुढे केला. दादा माझ्यापासून लांब करायचे तशी त्याने ती दुसऱ्या हातात घेतली.