दहा चित्रं

मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई दगड आहे. आहेच. गेल्या वर्ष-सव्वा वर्षात मला कशाचं काही वाटेनासं झालंय. एखादं बाळ पहिल्यांदा आधाराशिवाय बसतं, त्याची आई घळाघळा रडते, मी टाळ्या वाजवते आणि मनात चाललेलं असतं की जाताना साबण घ्यायचाय. डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, सुट्टी घ्या. घेतली. आठ दिवस भिंतीकडे बघत बसले आणि कामावर परत आले.

माझं काम तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं. जी उशिरा बसतात, उशिरा चालतात, बोलतच नाहीत, अशा मुलांचं. मी त्यांच्या घरी जाते, फरशीवर बसून त्यांच्याशी खेळते आणि हेच दिवसभर कसं खेळायचं ते आईला शिकवते. माझी नणंद म्हणते, मज्जा आहे बाई तुझी. तिला एकदा न्यायला हवं, गुडघे धरून उठेल.

मूल तीन वर्षांचं झालं की आमचं काम संपतं. त्याआधी एक शेवटची चाचणी असते. गुण सत्तरच्या खाली आले तर मुलाला आमच्या केंद्रात जागा मिळते. आणखी दोन वर्षं, आठवड्यातले चार दिवस, बोलायला शिकवणारे वेगळे, हाताची कामं शिकवणारे वेगळे. सत्तर किंवा वर आले तर फाइल बंद. मूल ठीक आहे असं धरायचं आणि हात झटकायचे.

त्या दिवशी मुंगीची चाचणी होती. मुंगी हे तिच्या आजोबांनी ठेवलेलं नाव, कारण फरशीवरचा कण न् कण ती उचलून डोळ्यांजवळ नेते. दीड वर्षाची असताना माझ्याकडे आली तेव्हा तिला एक शब्द येत नव्हता आणि हाक मारली तरी वळून बघायची नाही. तिची आई म्हणजे जिद्दीचं माणूस. मुलीसाठी तिने चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं. मी दहा मिनिटं सांगावं, हिने तासभर घ्यावं. अशी आई मिळाली की आमच्या ऑफिसात म्हणतात, नशीबवान आहेस.

"या ताई, या! तयार आहोत आम्ही," दार उघडताच ती म्हणाली. मुंगीला नवा फ्रॉक घातला होता, केस ओले करून चापून बसवले होते. जणू मुलगी बघायला आले होते मी. बैठकीच्या खोलीतलं टेबल बाजूला सरकवलेलं, सतरंजी अंथरलेली, टीव्ही बंद. मी बॅग उघडली, ठोकळे काढले, बाहुली काढली, चित्रांचं पुस्तक काढलं.

"मुंगे, मनोरा कर."

तिने सहा ठोकळ्यांचा मनोरा केला. सहाच. सातवा शेजारी पडला होता, त्याला हातही लावला नाही. मी बाहुली पुढे केली, तर मी तोंड उघडायच्या आत तिने कंगवा घेऊन तिचे केस विंचरले. मी कागदावर बरोबरच्या खुणा करत गेले. मग चित्रांचं पुस्तक उघडलं.

"कप," मुंगी म्हणाली. "बॉल. बूट. किल्ली." पाचव्या चित्राचं पान मी अजून उघडलंही नव्हतं, तोवर ती म्हणाली, "घड्याळ."

माझा हात तिथेच थांबला. आई मागे ओढणीत तोंड लपवून हसत होती, आनंदाने.

आता इथे मला माझं बिंग फोडायला हवं. पूर्वी मी प्रत्येक मुलाचा अभ्यास वेगळा लिहायचे. त्या घरात काय आहे, मूल कशाला हात लावतं, त्याला काय हवं असतं, ते बघून. कुणाला चपला, कुणाला नळ, कुणाला मांजर. मग हे कशाचंच काही वाटेनासं झालं आणि मी पाट्या टाकायला लागले. एक दिवस चाचणीच्या कागदावरच्याच ओळी उतरवून काढल्या. सहा ठोकळ्यांचा मनोरा. बाहुलीचे केस. दहा चित्रं. एक कागद टाइप केला आणि घरोघरी तोच वाटला. वरच्या मॅडमनी सही ठोकली, त्यांनी तरी कुठे वाचला? मुंगीच्या आईने चित्रं मागितली तेव्हा कपाटातल्या जुन्या पुस्तकाची पानंही तिला नेऊन दिली. चाचणीची चित्रं घरी द्यायची नसतात, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आणि ही बाई सकाळ-संध्याकाळ ती पानं घेऊन बसली. वर्षभर.

मी बाकीची पानं उलटली, मुंगीने दहाच्या दहा सांगितली. बेरीज केली. चौऱ्याऐंशी.

"पास ना, ताई?" आई पुढे सरकली. "खरं सांगा हं. बालवाडीवाल्या बाई म्हणाल्यात, तुमचं पत्र दाखवा, लगेच घेते. तीस मुलं आहेत वर्गात, पण ही राहील ना आता? बोलते ना आता?"

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. चौऱ्याऐंशी म्हणजे पत्र, पत्र म्हणजे फाइल बंद, एक घर कमी, एक जिना कमी. आई खूष, मॅडम खूष. मी मूग गिळून बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी पत्राचा कोरा कागद काढलासुद्धा.

तेवढ्यात मुंगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहून किंचाळायला लागली. काही मागितलं नाही, कशाकडे बोट केलं नाही. नुसती ओट्यावर तळहात आपटत होती, लाल होईपर्यंत. आई धावली. बिस्कीट दिलं, ते भिरकावलं. चमचा दिला, तो भिरकावला. मग निळा कप दिसल्यावर आई म्हणाली, "पाणी होय! अगं, मग आधी सांगायचंस ना." आणि तिने पाणी पाजलं.

"रोज असंच करते का?" मी दारात उभी राहून विचारलं.

"पाण्याचं ना? हो. हट्टी आहे जराशी. मला कळतं लगेच."

मी ओट्यावरचा तो निळा कप उचलला आणि मुंगीसमोर बसले. "मुंगे, हे काय आहे?"

ती माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिली.

"लाजते हो," आई हसली.

मी खुंटीवरची किल्ली आणली. हे काय? काही नाही. दाराशी मुंगीचेच बूट होते, त्यातला एक आणला. हे काय आहे, सांग. मुंगीने बूट घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नाडीचं टोक बघत बसली. आईचं हसू एव्हाना गेलं होतं.

"थांबा, मला विचारू दे," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. "मुंगे, माझी बाय ती. हे काय आहे? ब... ब..."

मुंगीने मान वर केली. चेहरा एकदम उजळला तिचा. "कप, बॉल, बूट, किल्ली, घड्याळ, मासा, झाड, गाडी, चमचा, टोपी," ती एका दमात म्हणाली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या, जशा आम्ही दोघी वाजवायचो.

आई तशीच गुडघ्यांवर होती. "परत घेऊ का?" तिने मला विचारलं. मग म्हणाली, "माझं चुकलं का, ताई? जास्त घेतलं का मी? सासूबाई म्हणायच्या, किती घोकून घेशील."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आयांना सगळं स्वतःवर घ्यायची सवयच असते, आम्हाला ती फार सोयीची पडते. 

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही मी दिलेलं केलंत. मी चुकीचं दिलं. चाचणीत जे विचारतात, तेच मी तुम्हाला शिकवायला सांगितलं. त्यामुळे तिला चाचणी येते. बोलणं येत नाही."

"का?"

"सोपं होतं म्हणून."

ती भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर मी ऐकून घेतले असते. तिने फक्त मुंगीच्या हातातला बूट घेतला आणि दाराशी नेऊन जोडीने ठेवला.

मी चाचणीचा कागद घेतला आणि खाली लिहिलं, की यातल्या सगळ्या गोष्टी मुलीला आधीच शिकवलेल्या आहेत, त्या मी शिकवायला लावल्या, निकाल धरू नये, दुसऱ्या संचाने दुसऱ्या कुणीतरी परत चाचणी घ्यावी. खाली सही केली. मॅडम हे वाचतील, हे तर नक्कीच वाचतील. कागद आईपुढे धरला. तिने तो दोनदा वाचला.

"याने तिला केंद्रातली ती दोन वर्षं मिळतील?"

"मिळतील. परत घेतली तर सत्तरच्या खूप खाली येईल."

"खूप खाली," ती म्हणाली. आज सकाळपर्यंत तिच्या लेखी मुलगी बरी झाली होती. तिने माझं पेन घेतलं आणि सही केली. "आणि घरी? तीन वर्षांची होईपर्यंत तुम्हीच येणार?"

"नाही. दुसरी कुणीतरी येईल."

"बरं होईल," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सरळ.

मी बॅग भरली, चपला घातल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते तेव्हा तिने हाक मारली. मुंगी तिच्या कडेवर होती.

"ताई, तो टाइप केलेला कागद. तो नुसता आम्हालाच दिला होतात ना?"

मी कठडा धरला. एकेक घर डोळ्यांपुढे यायला लागलं. एक आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही, त्यांनी तो कागद शेजारणीकडून वाचून घेऊन पाठ केलाय. एका बापाने तो भिंतीवर चिकटवलाय, पाळण्याच्या वर.

"नाही," मी म्हणाले. "सगळ्यांना."