गाडीपासून जवळची एखादी सुंदर जागा

फोटोत: कालव्यावरचा छोटा पूल. सोनेरी पंखांचा सिंह. सिंहाच्या पंजावर हात ठेवून नवरी.

फोटोबाहेर: बाकीच्या नवऱ्या. रांगेत, एकमेकींकडे पाठ करून.

एका नवरीनं दुसरीचं तोंड पाहिलं तर दोघींचा संसार धड होत नाही, हे पीटर शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे जूनमधल्या शनिवारी या पुलावर पांढऱ्या झग्यांची पाठमोरी रांग लागते. कुणी शिंकलं तरी वळून बघायची सोय नाही.

"छान. हनुवटी खाली. छान," रिम्मा ल्वोव्हना म्हणाली. हे ‘छान’ हल्ली तिच्या तोंडून खोकल्यासारखं निघे. थांबवावं म्हटलं तरी थांबत नसे.

लग्नाचे फोटो काढण्यात तिची उमर गेली होती. या शहरात कुठल्या खांबाआडून घुमट अख्खा येतो, कुठल्या घाटावर दुपारनंतर पाणी चांदीसारखं होतं, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती जागा हुडकून काढायची, मग इतर फोटोवाले तिथे यायचे, मग त्यांच्यामागून रांग यायची, आणि मग तिलाच आपल्या जागेसाठी रांगेत उभं राहावं लागायचं. आता तिला शहर असं दिसतच नव्हतं. पडदे दिसत होते, नवऱ्यांच्या मागे टांगायचे. गुडघाही दुखत होता.

आणि आज एक जागा सापडत नव्हती.

*

सकाळी, नोंदणी कार्यालयाच्या जिन्यात, नवरीनं तिला बाजूला घेतलं होतं. नवरीचं नाव तासिया.

"रिम्मा ल्वोव्हना, मला त्या सिंहांचं वगैरे काही नाही हो. ते सासूबाईंसाठी. मला एकच फोटो हवाय. मी आणि बाबा. बाबा उभे."

"उभे म्हणजे?"

"उभे म्हणजे उभे. पायांवर."

वडील, सावेली इल्यिच, जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस. हिवाळ्यात डावं अंग गेलं. आता पाय थोडा आला होता, हात नव्हता. समारंभाच्या दालनात ते खुर्चीत बसले होते, आणि फोटोतही बसलेलेच आले होते. मागे उभ्या असलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या कमरेएवढे.

"परवा आम्ही पार उत्तरेला, नोरिल्स्कला निघतोय," तासिया म्हणाली. "ग्लेबची नोकरी तिथे. परत कधी येणं होतंय कुणास ठाऊक. घरी तो फोटो लावायचाय मला. खुर्चीतला नाही."

"एखादी चांगली जागा बघून काढू," रिम्मा म्हणाली.

म्हणायला काय जातं? तोंडाला कुठे गुडघा असतो.

*

चांगली जागा म्हणजे कशी, तर मागे काहीतरी देखणं हवं, उजेड तोंडावर हवा, आणि गाडी अगदी शेजारी लागायला हवी. पायरी नको. उतार नको. गोल दगडांची फरसबंदी तर नकोच नको.

रिम्मा मिनीबसमध्ये बसून मनातल्या मनात शहर धुंडाळत राहिली. कालवे: कठडे सुंदर, गल्ल्या अरुंद, गाडी शिरत नाही. घाट: पायऱ्या. राजवाड्यांची अंगणं: पुढे फाटक, फाटकात पहारेकरी. बागा: गाड्यांना बंदी. ज्यांनी हे शहर बांधलं त्यांना पालख्या होत्या, घोडे होते, उतरवून घ्यायला नोकर होते. लंगडणाऱ्या क्रेनवाल्याचा विचार त्यांनी कशाला केला असेल.

सावेली इल्यिच ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये. कोटावर लग्नाची लाल फीत.

"काय व्याहीबुवा, दमलात का?" मागून इनेस्सा बोरिसोव्हना ओरडली. ग्लेबची आई. ठिकाणांचा सगळा क्रम तिनंच ठरवला होता, आणि त्यातलं एक जरी गळलं तर लग्न लागलंच नाही असं तिचं म्हणणं होतं.

"दमायला काय झालं, विहीणबाई? बसूनच तर आहे."

"मग बसा हो निवांत. तुम्ही उतरायची काही दगदग करू नका."

"अहो, जन्मभर उंचावर बसून काम केलं," सावेली इल्यिच ड्रायव्हरला म्हणाले. "बंदरात खालची माणसं मुंग्यांएवढी दिसायची. आता या पायरीवरून खाली बघितलं की दांडा धरावा लागतो. बोला."

ड्रायव्हर रस्ता बघत होता.

*

फोटोत: नदीकाठचा तांब्याचा घोडेस्वार. त्याच्या घोड्याखाली नवरा नवरीला उचलून धरतोय. सगळे ओरडताहेत, "कडू! कडू!" म्हणजे दारू कडू लागतेय, चुंबन घेऊन गोड करा.

फोटोबाहेर: रस्त्यापलीकडे उभी केलेली मिनीबस.

इथे मात्र जमेल असं रिम्माला वाटलं होतं. जमीन सपाट, बाजूला लिंडेनची झाडं, रस्ता तेवढा ओलांडायचा. तिनं स्वतः जाऊन दार उघडलं.

"चला, सावेली इल्यिच. मुलगी वाट बघतेय."

त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला. काठी खाली टेकवली. मग मान वर करून पाहिलं. पलीकडे लग्नांची गर्दी, बँडवाला, फुगे, आणि त्या सगळ्यांची तोंडं नेमकी इकडेच वळलेली. कुणी मुद्दाम बघत नव्हतं. गर्दी बघते तशी बघत होती.

पाय परत आत गेला.

"पुढच्या ठिकाणी," ते म्हणाले. "इथे वारा फार आहे."

वारा होताच. रिम्मा परतली तेव्हा तासियानं नुसत्या भुवया उंचावून विचारलं, आणि रिम्मानं नाही म्हणून मान हलवली. पोरीनं हातातला गुच्छ अशा काही जोरानं झग्यावर आपटला की एका गुलाबाची मान मोडून लोंबू लागली.

"आण इकडे," रिम्मा म्हणाली. मोडका गुलाब देठासकट उपटला, कचऱ्याच्या पेटीत टाकला, बाकीची फुलं सारखी केली. "हं. आता माझ्याकडे. छान."

ही चूक तिनं केली. वीस वेळा दमलेली असताना केली नव्हती, ती एकविसाव्या वेळी केली.

*

फोटोत: (हा फोटो नाही.)

खांबांच्या ओळीचं ते अर्धगोल अंगण रिम्माला आयत्या वेळी आठवलं होतं. गाडी थेट खांबांपर्यंत जाते. उजेड आडवा येतो, म्हातारा माणूस तिथे दगडात कोरल्यासारखा दिसतो. इनेस्सा बोरिसोव्हनाशी वाद घालून तिनं गाडी तिकडे वळवायला लावली.

सगळ्या खांबांना हिरवी जाळी गुंडाळलेली. परांच्या, बादल्या, चुन्याची पोती. डागडुजी.

"याच्यासाठी आणलंत होय?" इनेस्सा बोरिसोव्हना म्हणाली. "छान शोधलीत जागा. पोत्यांवर बसवू का नवरीला?"

"आई, जाऊ दे ना," ग्लेब म्हणाला.

"जाऊच देतेय. सकाळपासून सगळं जाऊच देतेय."

तासिया खिडकीतून त्या जाळ्यांकडे बघत राहिली. तिला ही जागा कशासाठी निवडली होती ते कळलं होतं. वडिलांनाही कळलं होतं, कारण ते म्हणाले, "जाऊ दे गं तास्का. बसलेला आलोय ना एकात, मग झालं."

"नाही झालं," ती म्हणाली.

गाडी परत निघाली. करवल्यांपैकी एकजण पेंगत होती. रिम्मानं डोकं काचेला टेकवलं. शहर बाजूनं सरकत होतं, एकाहून एक देखणं, आणि कुठेच थांबण्याजोगं नव्हतं.

*

फोटोत: बेटाचं टोक, जिथे नदी दुभंगते. पाण्याच्या कडेला नवरानवरी. हातांत कबुतरं, आता उडतील.

फोटोबाहेर: गोल दगडांचा लांबलचक उतार. त्याच्या वर रस्ता, रस्त्यावर लग्नाच्या गाड्या एकीला एक चिकटून.

ही जागा बापाची नव्हेच हे रिम्मानं गाडीतूनच ओळखलं होतं. तिनं तर दारही उघडलं नाही. "कबुतर दोन्ही हातांनी धरायचंय, गुच्छ ठेवून ये," एवढंच ती तासियाला म्हणाली, आणि तासियानं गुच्छ वडिलांच्या मांडीवर ठेवला.

खाली पाण्याशी रिम्मा दुखऱ्या गुडघ्यावर टेकली. वर सावेली इल्यिच मांडीवर फुलं घेऊन बसले. करायला काही नव्हतं. रिकामा माणूस काय करतो, हाताला लागेल ते मोजतो. मोजलं. चुकलं असेल म्हणून परत मोजलं. मग बोटानं एकेक फूल ढकलत मोजलं.

जोडीनं भरत होती. सम.

सम फुलं मेलेल्यांची. थडग्यावर ठेवायची. जिवंत माणसाला, त्यातून नवरीला, चुकूनसुद्धा द्यायची नाहीत. आणि पोरगी आता वर येणार, हात पुढे करून म्हणणार, द्या बाबा.

ड्रायव्हर बाहेर सिगारेट ओढत होता. त्याची आरोळी खालपर्यंत ऐकू आली. "अहो! बाबा उतरले! बाबा उतरले ओ!"

रिम्मानं मान वळवली. कबुतरं उडाली ती कुणी पाहिलीच नाहीत.

वर, दोन बसगाड्यांच्या मधल्या फटीतून सावेली इल्यिच येत होते. एका हातात काठी, त्याच हाताच्या कोपरानं गुच्छ छातीशी दाबलेला, दुसरा हात नुसता लोंबतोय. पाय फरफटत होता. एका गाडीनं हॉर्न वाजवला, त्यांनी लक्ष दिलं नाही. दगड सुरू होतात तिथे थांबले आणि बंदरावरच्या आवाजात ओरडले:

"तास्का! याला हात लावू नकोस! जोडी आहे यात! मोजलीत मी!"

बायका जागच्या जागी थिजल्या. इनेस्सा बोरिसोव्हनाच्या हातातला पेला तिरपा होऊन तिच्याच बुटावर सांडला.

"कुणी? कुणी केलं हे?"

"मी," रिम्मा म्हणाली. "एक मोडलं होतं. काढलं."

"काढलं! आणि दुसरं काढायला काय हात झिजले होते? माझ्या मुलाच्या लग्नात थडग्याचा गुच्छ! घोड्यापासूनचे सगळे फोटो म्हणजे..."

रिम्मा ऐकत नव्हती. तासिया झग्याचा घोळ मुठीत धरून उतार चढत पळत होती, आणि रिम्मा तिच्यामागे. पळत नाही म्हणता येणार, पण जे काही त्या गुडघ्यानं करता येतं ते करत.

"एक ओढ," सावेली इल्यिच म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "माझा हात रिकामा नाही. लवकर ओढ, बाई."

तासियानं एक गुलाब ओढला. कुठे टाकावा ते कळेना, तेव्हा तो तिनं त्यांच्याच कोटाच्या खिशात खोचला. मग त्यांच्या लोंबत्या हाताखालून आपला हात घातला, आणि गुच्छ दोघांच्या मध्ये आला.

"बाबा. तुम्ही उभे आहात."

"तर काय. रांगत आलो वाटलं?"

रिम्माला जागा बदलायला वेळ नव्हता. उजेड समोरून, चुकीच्या बाजूनं येत होता. नदी नाही, खांब नाहीत, घुमट नाही. तिनं बटण दाबलं, परत दाबलं. ‘छान’ म्हणाली नाही.

*

फोटोत: बसचा मागचा भाग आणि तिची चिखलानं माखलेली नंबराची पाटी. तिच्या कडेनं डोकावणारी दुसऱ्याच लग्नातली नवरी, सरळ तासियाकडे बघणारी. तासिया तिच्याकडे बघत नाही. सावेली इल्यिच काठीवर किंचित वाकडे, तोंड उघडं, केस वाऱ्यानं उभे. पाय दोन्ही दिसतात, बुटांसकट.

"आलं?" तासियानं विचारलं.

"आलं."

"बरं आलंय?"

रिम्मानं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. इतक्या वर्षांत असला फोटो तिनं कुणाला दाखवला नसता.

"उभे आहेत," ती म्हणाली.

तासियानं कॅमेरा ओढून घेतला, आणि बराच वेळ परत दिला नाही. वडिलांनीही मान पुढे केली. "ही नंबराची पाटी कुणाची?" त्यांनी विचारलं. "असो. आता मला बसवा कुणीतरी. पाय गेला."

ग्लेब आणि ड्रायव्हर यांनी मिळून त्यांना सीटवर चढवलं. इनेस्सा बोरिसोव्हना दारात उभी राहून सगळ्यांना बजावत होती, की तसल्या गुच्छाचा एकही फोटो तिच्या घरात येणार नाही, तेव्हा परत घोडेस्वार, नवीन गुच्छासकट, आणि तिथून पुढे सगळं पहिल्यापासून.

"रांग असेल," रिम्मा म्हणाली.

"मग लागू रांगेत!"

"लागू."

तासिया मागे नवऱ्याशेजारी न जाता पुढे, वडिलांच्या सीटच्या काठावर अर्धवट टेकली. वळणावर त्यांचा तोल जाऊ नये म्हणून खांद्याला खांदा लावून. झगा गिअरच्या दांड्यावर पसरला, तो ड्रायव्हरनं दोन बोटांनी बाजूला केला.

"नवरी नवऱ्याजवळ बसते, बाई," मागून सासूबाईंचा आवाज आला.

"ऐकतेय," तासिया म्हणाली, आणि उठली नाही.

गाडी निघाली. रिम्मानं कॅमेऱ्यातली बॅटरी बदलली आणि डोळे मिटले.