कचऱ्याच्या डब्यातला पहिला वाचक

मित्रांनो, मी एक जुना वर्डप्रोसेसर आहे. नाव भारदस्त असलं तरी घाबरू नका. टाइप करायला कळा, बघायला वीतभर पडदा आणि छापायचं यंत्र पोटातच, एवढाच माझा संसार. घरोघरी संगणक येण्याआधी जपानात माझी फार चलती होती. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता पार पिवळा पडलो आहे, पण माझी एकही कळ अजून अडत नाही.

सेन्झाकी बंदरातल्या कुराहाशींच्या दुकानात मला आणलं ते लेबलं छापायला. तिथे मासा वाटून, लाकडी पाटीवर थापून, वाफवून कामाबोकोच्या वड्या करतात. मालक तोकुजी तोंडाचे फटकळ, पण कामात चोख. माझ्याशी मात्र त्यांचं सूत जुळेना. एक कळ सापडेपर्यंत दुसरी हरवायची! महिनाभरात त्यांनी मला आपल्या मुलीच्या, सुझुनाच्या हवाली केलं आणि लेबलं पुन्हा ब्रशने लिहायला घेतली.

सुझुना तेव्हा चोवीस वर्षांची होती. सकाळभर वड्या थापायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्यापुढे बसायची. लेबल असतं दोन ओळींचं, हिची बोटं काही थांबेनात. ती गोष्ट लिहीत होती. ढगांवरून चालणाऱ्या एका नावेची गोष्ट. नावेची कप्तान चौदा वर्षांची मुलगी, आणि तिलाच बोट लागायची! बिचारी हुकूम सोडायची आणि बादलीकडे धावायची. मला हसता येत नाही, म्हणून मी नुसता गुणगुणायचो.

अशा गोष्टींना तिकडे लाइट नॉव्हेल म्हणतात. खिशात मावणारं पुस्तक, मधे मधे चित्रं आणि वाचणारी बहुतेक तुमच्याच वयाची मुलं. नव्या लेखकाला तिथे शिरायचं तर स्पर्धेतूनच. सुझुनाने दोन वर्षं हस्तलिखित पाठवलं आणि दोन्ही वेळा ते पहिल्याच फेरीत गारद झालं.

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, ही शेवटची खेप. नाही जमलं तर लिहिणं कायमचं बंद."

"कर की," तोकुजी म्हणाले. "वड्यांना तरी तुझे दोन्ही हात मिळतील."

 ती लिहायची थांबली तर माझं काय राहिलं?

आता माझ्या छपाईतली एक गोष्ट सांगतो. माझ्या पोटात काळी फीत असते आणि ती एकदाच वापरता येते. जे अक्षर कागदावर उमटतं, तेवढीच जागा फितीवर आरपार उघडी पडते. म्हणजे छापलेलं सगळं वापरलेल्या फितीवरही वाचता येतं. सुझुना त्या फितींच्या डब्या कचऱ्यात टाकायची. कचरा वेगळा करायचं काम तोकुजींचं, आणि गावाच्या नियमाबाबत ते भलते कडक. दर गुरुवारी ते डब्या फोडायचे. प्लास्टिक एकीकडे, फीत दुसरीकडे. एका गुरुवारी त्यांनी फीत सहज उजेडाकडे धरली. मग स्टूल ओढून घेतलं आणि तिथेच बसले. मी सगळं पाहत होतो, पण सांगणार कुणाला?

हस्तलिखित पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशीचा टपालाचा शिक्का हवा आणि टपाल कार्यालय पाचला बंद होणार. तीन वाजता सुझुनाने सारांश छापला, तो गठ्ठ्यावर ठेवला आणि कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांधली. तेवढ्यात तोकुजी हात पुसत आले आणि वरचा कागद वाचू लागले. शेवटी लिहिलं होतं, "कप्तान वादळातून वाचेल का? जाणून घेण्यासाठी पुढे वाचा!"

"हे काय गं?"

"सारांश, बाबा. परीक्षक आधी हाच वाचतात."

"मग शेवट कुठे आहे?"

"शेवट आधीच सांगितला तर मजा काय राहिली?"

"अगं, परीक्षक म्हणजे काय गिऱ्हाईक आहे? बाजारात मी मासा घेतो तो कल्ले उघडून. 'घरी नेऊन बघा, गंमत आहे' म्हणणाऱ्याला मी दारात तरी उभा करीन का?"

सुझुनाने नियमांचा कागद काढला. 'शेवटासह संपूर्ण सारांश' असं त्यात स्वच्छ छापलं होतं. तिचा चेहरा पडला. दोन्ही वर्षं तिने हेच केलं होतं.

"रडतेस काय? लिही!" तोकुजी गरजले. "लिही, की वादळ येण्याआधीच तिचं पोट ढवळतं आणि त्या इशाऱ्यामुळेच सगळी नाव वाचते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं तिथे, आणि तू तेच लपवतेस?"



"बाबा, तुम्हाला शेवट कसा माहीत?"

तोकुजींनी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. "कचरा वेगळा करत होतो," ते पुटपुटले.

सुझुना रडता रडता हसायला लागली. तिने नवा सारांश भराभर टाइप केला आणि छापताना नेमकी अर्ध्या पानावर माझी फीत संपली! तोकुजी गमबूट आणि एप्रनसकट सायकलवर बसले ते थेट कागद-पेन्सिलीच्या दुकानात. आणलेल्या डबीवर माशाचे खवले चिकटले होते. त्या फितीने मी जे पान छापलं, तसं आयुष्यात दुसरं छापलं नाही. पाचला पाच मिनिटं असताना शिक्का पडला.

काही महिन्यांनी दुपारी फोन वाजला. तोकुजींनी उचलला.

"मी तोक्योहून हिबिनो, प्रकाशनसंस्थेची संपादक..."

"बोला, वड्या पांढऱ्या की गुलाबी?"

पलीकडून हसू ऐकू आलं. मग हिबिनोबाई म्हणाल्या, "दोन्ही पाठवा. पण आधी फोन सुझुनाबाईंना द्या. त्यांना बक्षीस मिळालंय."

मित्रांनो, त्या मालिकेचे अकरा भाग निघाले! बादली कवटाळलेली कप्तान मुखपृष्ठावर झळकली. मुलं दुकानात येऊन पुस्तकावर सही मागायची आणि तोकुजी प्रत्येकाच्या हातात एक वडी ठेवायचे.

चौथ्या भागापासून मात्र संपादकांना सगळं ईमेलने हवं झालं. संगणक आला आणि मी कापडाखाली फळीवर गेलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्याहून जास्त वाईट तोकुजींना वाटलं. कचऱ्याच्या डब्यात आता फीत नसायची. पुस्तक छापून येईपर्यंत त्यांना सगळ्या जगाबरोबर थांबावं लागे. तरी ते दर गुरुवारी डब्यात वाकून बघायचेच.

अकरावा भाग शेवटचा होता. त्याचं मनोगत लिहायचं राहिलं होतं. त्या दिवशी सुझुनाने मला फळीवरून उतरवलं, धूळ पुसली आणि कुठून तरी शोधून आणलेली फीत बसवली. दोन पानं छापली. मग फितीची डबी अलगद कचऱ्यात टाकली आणि शीळ घालत वड्या थापायला गेली.

गुरुवारी तोकुजींनी डबी फोडली. स्टूल ओढलं, फीत उजेडाकडे धरली. संपादकांचे आभार, चित्रकाराचे आभार, वाचकांचे आभार. आणि सर्वांत शेवटी, "माझ्या पहिल्या वाचकाचे आभार. त्यांनी मला कचऱ्यातून उचललं. बाबा, डबी प्लास्टिकमध्ये टाका."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काही जुनं असेल. फेकायच्या आधी त्याच्यावरची धूळ पुसा आणि एकदा उजेडाकडे धरून बघा, एवढंच माझं मागणं आहे. त्या गुरुवारी तोकुजींनी डबी प्लास्टिकमध्ये टाकली. फीत मात्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली. गावाचा नियम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मोडला.