गुंडीचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. आता तुम्ही मला फडके म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण एके काळी मी पाहुण्यांचा टॉवेल होतो. गिरणीतून आलो तेव्हा चांगला गुबगुबीत आणि पांढराशुभ्र होतो. कपाटाच्या वरच्या खणात माझी जागा होती आणि मला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. पुढे माझी कड उसवली आणि आईने मला चक्क कुत्रीसाठी काढून दिले. मित्रांनो, केवढा अपमान! कितीतरी दिवस मी खुंटीवर तोंड पाडून लटकत होतो.

पण गुंडीने मला जिंकले. गुंडी म्हणजे आमची लोंबत्या कानांची तपकिरी कुत्री. डोळे शर्टाच्या गुंडीसारखे, म्हणून ते नाव. घरातल्या धाकट्या मुलीची, म्हणजे आमच्या धाकटीची, ती सावलीच होती. धाकटीने फाटकातून हाक मारली की असेल तिथून धावत सुटायची आणि तिच्याच पलंगाशी झोपायची. आंघोळ झाली की माझ्यात शिरून अशी लोळायची, की पाहुण्यांचे हात पुसण्यात कसली थोरवी होती, तेच मला आठवेना.

मग गुंडीला वास येऊ लागला. आंबूस, कुबट, नकोसा वास. आंघोळीने जरा दबायचा आणि पुन्हा डोके वर काढायचा. आलेगेले नाकाला रुमाल लावू लागले. शेवटी आईने निक्षून सांगितले, "हे बघ, वास गेला नाही तर ही मागच्या पडवीत झोपेल. माझाही नाइलाज आहे."

धाकटी लगेच दुकानात धावली. तिने सुवासिक साबण आणला आणि गुंडीला दिवसाआड आंघोळ घालू लागली. "थोडं सहन कर गं राणी, मग तुला कोणी बाहेर काढणार नाही," असे म्हणत ती डोक्यावरून पाणी ओतायची. मग माझी पाळी. माझे टोक कानाशी गेले की गुंडी अंग चोरायची, कण्हायची. "नाटकी कुठली!" धाकटी हसायची.

त्या टोकावर तपकिरी, चिकट डाग पडू लागला. आईने तो पाहिलाही. "तारेचा गंज लागलाय वाटतं," असे म्हणून तिने मला तारेऐवजी दोरीवर वाळत घातले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, की हा गंज नाही, तो वास इथूनच येतोय! पण टॉवेलाला कुठली वाचा?

वास काही गेला नाही. गुंडी पडवीत गेली. पुढे पुढे ती मला नुसते पाहूनही कोपऱ्यात दडू लागली. एकदा धाकटी फाटकातून हाका मारमारून दमली, पण गुंडीने मानसुद्धा वळवली नाही.

"आई, ही रुसलीय माझ्यावर," धाकटी रडत म्हणाली. "आपण बाहेर झोपवलं ना तिला."

आईलाही राहवेना. दोघींनी गुंडीला माझ्यात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दोन्ही कान उचलून आत पाहिले.

"वास अंगाचा नाही, कानांचा आहे," ते म्हणाले. "आत पू झालाय, फार दिवसांचा. त्यात आंघोळीचं पाणी जात राहिलं. औषधानं वास जाईल. पण हिला आता ऐकू येत नाहीये, आणि पुढे येईल असं मला वाटत नाही."

"म्हणजे ती रुसली नव्हती?" धाकटीने विचारले. आईने माझ्या टोकावरचा डाग मुठीत घट्ट धरला.

वास गेला. गुंडी पुन्हा पलंगाशी आली. पण मला पाहिले की ती अजून पलंगाखाली शिरते. काल ती अंगणात भिजली म्हणून धाकटी मला घेऊन आली. "आंघोळ नाही गं, नुसतं पुसते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. गुंडी आत थरथरत राहिली. जिच्यावर मी एवढी माया केली, ती मला भिते, हे मला सहन होत नाही.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याला वास येऊ लागला, तर साबण आणण्याआधी त्याचे कान उचलून बघा, तोंड उघडून बघा, डॉक्टरांना दाखवा. तो कण्हला तर हसू नका. "कुठे दुखतंय गं तुला?" असे आमची धाकटी आता रोज विचारते. तुम्ही मात्र त्याला ऐकू येतेय तोवर विचारा.