ताईच्या सीनवरची बासरी

तीन भावांचं एरवी भाजीत मीठ किती असावं यावरही एकमत होत नसे, पण एका गोष्टीवर मात्र पक्कं होतं. ताईने आपल्यासाठी आयुष्य वेचलं. हे सांगताना थोरला चष्मा काढायचा, मधला खिडकीबाहेर बघायचा आणि धाकटा खरोखर रडायचा, कारण आई गेली तेव्हा तो फार लहान होता आणि त्याला जे सांगितलं गेलं तेवढंच ठाऊक होतं. "तिला लग्न करायचंच नव्हतं," असं तिघंही म्हणायचे. हे चाललेलं असताना ताई बहुधा स्वयंपाकघरात असायची. माणसाला एकदा देव्हाऱ्यात बसवलं की घरादाराची मोठी सोय होते. देव उलटून बोलत नाही, आणि त्याच्यापुढे ठेवलेलं शेवटी आपणच खातो.

धाकट्याची मुलगी सिनेमाचं शिक्षण घेऊन परत आली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही नटनट्यांच्यात वावरणार. तिने काढला माहितीपट, आणि तोही आपल्या आत्यावर.

"आपल्या घरात काय आहे बघण्यासारखं?" मधल्याने विचारलं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी कॅमेऱ्यासमोर येऊन बसला.

तिघांनी आळीपाळीने ताईचे गुण गायले. थोरल्याने 'त्यागमूर्ती' हा शब्द इतक्यांदा वापरला की पुतणीने हळूच विचारलं, "काका, दुसरा एखादा शब्द सुचतोय का?" त्याला सुचला नाही.

मग कॅमेरा स्वयंपाकघरात आला. ताई लसूण सोलत होती. कॅमेऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं, दाराशी आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा लसणाला लागली.

"आत्या, तू एवढा मोठा त्याग केलास, तेव्हा मनात काय होतं?"

"त्याग केला असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

ताईने सुरी खाली ठेवली. "हे बघ, त्याग करायचा तर आधी माणसाला विचारावं लागतं. मला कुणी विचारलं नाही. आई गेली तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. समोर ही एवढी मोठी फळी, तिच्यावर दिवे. दिवा लागला की वायरची खुंटी भोकात खोचायची आणि म्हणायचं, नंबर सांगा. अख्ख्या गावाचं बोलणं माझ्या हातातून जायचं. मला फार आवडायचं ते. लग्नाचं मला काही पडलं नव्हतं, हे खरं आहे. पण ती खुर्ची मला हवी होती. आई गेल्यावर थोड्या दिवसांनी कामावर गेले, तर खुर्चीत दुसरीच मुलगी बसलेली. घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. आणि खरं सांगू? मला स्वयंपाक कधीच आवडला नाही. अजूनही आवडत नाही."

एवढं बोलून तिने सुरी उचलली. भाची कॅमेरा बंद करायला विसरली, त्यामुळे पुढची कितीतरी मिनिटं नुसता लसूण सोलला जात होता.

सिनेमा तयार झाल्यावर बाहेर दाखवण्याआधी घरी बघायचं ठरलं. बैठकीच्या खोलीत भाऊ, भावजया, पोरंबाळं दाटीवाटीने बसली. सगळं झकास चाललं होतं. मग तो सीन आला. शेवटाला टाळ्याही पडल्या नाहीत. ताई चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली. मधली भिंत पातळ होती, आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचा तिला एके काळी पगार मिळत होता.

"हे काढून टाक," थोरला म्हणाला. त्याने चष्मा काढला नाही.

"काका, पण सिनेमा त्याच्यावरच उभा आहे."

"लोकांसमोर आपल्या घराची लक्तरं टांगायची नाहीत. तो सीन राहणार असेल तर आम्हा तिघांना काढ, आणि घरातला एकही जुना फोटो वापरायचा नाही. मग काय उभं राहतंय ते बघू."

धाकटा काकुळतीला आला. "बाळा, मोठ्या काकांचा शब्द राख ना."

तोडगा मधल्याने काढला. साप मरावा आणि काठीही मोडू नये, यात त्याचा हातखंडा होता. "चित्र असू दे की. फक्त आवाज काढ, आणि वर बासरी टाक. ताई दिसेल, लसूण दिसेल, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. कुणाचंच नुकसान नाही."

सगळ्यांना ते पटलं. आत ताईच्या हातातली किटली जरा जोरात आपटली, पण बैठकीत कुणाचं लक्ष नव्हतं.

थोड्या दिवसांनी भाची खाली मान घालून स्वयंपाकघरात आली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"बासरी लावलीस?" ताईने विचारलं.

"लावली. आत्या, मी भांडले गं, पण—"

"ऐकलं मी. थोडंच भांडलीस." ताई चिडली होती आणि ते तिने लपवलं नाही. "माझं तोंड हलताना दिसतं?"

"हो. पूर्ण."

"बरं."

ताईचं हे 'बरं' घरात कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या नुसत्या 'बरं'वर तीन संसार उभे राहिले होते.

रविवारी सकाळी वाचनालयामागच्या छोट्या सभागृहात खेळ होता. सिनेमाची आवड असलेले लोक जमले होते, शेजारी होते, कुणी मुद्दाम लांबून आले होते. पहिल्या रांगेत तीन भाऊ, आणि त्यांच्यामध्ये ठेवणीतले कपडे घातलेली ताई. भाची मागे यंत्रापाशी होती.

मधल्याच्या शर्टाला लोक हसले. थोरल्याच्या पाचव्या 'त्यागमूर्ती'लाही हसले, ते त्याला कळलं नाही. मग पडद्यावर स्वयंपाकघर आलं. ताईने सुरी खाली ठेवली, तिचे ओठ हलू लागले आणि बासरी सुरू झाली. फार गोड होती. मागे कुणीतरी नाक पुसलं.

ताई उभी राहिली.

"त्याग करायचा तर आधी माणसाला विचारावं लागतं," ती मोठ्याने म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही."

पडद्यावरचे ओठ आणि सभागृहातला आवाज काही वाक्यं बरोबर चालले. मग पडद्यावरची ताई पुढे गेली, कारण खरी ताई सावकाश बोलत होती, सगळ्यांकडे वळून. पडद्यावर रडणारा धाकटा आला तरी तिचं संपलं नव्हतं. भाचीने सिनेमा थांबवला आणि दिवे लावले.

"ताई, खाली बस," थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

"कॅमेऱ्यापुढे मी अर्धंच सांगितलं होतं," ताई म्हणाली. "म्हटलं, झालं गेलं. पण बासरी ऐकली आणि उरलेलंही सांगावंसं वाटलं. माझी खुर्ची दुसरीला कशी मिळाली, ते ऐका. आमच्या घरातून कुणीतरी एक्स्चेंजवर जाऊन सांगून आलं होतं की हिचं लग्न ठरलंय, ही आता येणार नाही. मी गेले तर सगळ्याजणी माझं अभिनंदन करायला लागल्या. वर्गणी काढून त्यांनी आहेर आणला होता. कपबश्या, निळ्या काठाच्या. मी त्या घेतल्या. नवरा नाही, लग्न नाही, आणि मी आहेर घेऊन रस्त्याने घरी चाललेय. त्याच कपांतून मी ह्यांना वर्षानुवर्षं चहा दिला. एक धाकट्याच्या हातून फुटला, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

धाकटा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. मधल्याला आता बघायला खिडकीही नव्हती.

थोरल्याने चष्मा काढला. या वेळी काचा पुसायला. "मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बाबांनी पाठवलं होतं मला."

"माहीत आहे मला. म्हणून इतकी वर्षं तुला एका शब्दाने बोलले नाही." ताईने पडद्याकडे बोट दाखवलं. "पण बासरी काही बाबांनी लावली नाही."

थोरला उठला. त्याला वाट द्यायला रांगेतले लोक उभे राहू लागले.

"बस," ताई म्हणाली. "सिनेमा अजून व्हायचाय." मग मागे वळून भाचीला म्हणाली, "पोरी, माझ्या आवाजाचा आहे ना तुझ्याकडे? पहिल्यापासून लाव."

दिवे गेले. काळोखात खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला. थोरला बसला होता. ताई मात्र पडद्यावर आपलं बोलून होईपर्यंत उभीच राहिली.