श्रवण : सामान्य

‘वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या नोंदींनुसार आरोपित कामगार सावळीराम गांगुर्डे यांची श्रवणशक्ती सन १९९० ते १९९८ अशी सलग नऊ वर्षे सामान्य आढळलेली आहे. सबब, सहकाऱ्याची हाक त्यांना ऐकू आली होती व ऐकूनही त्यांनी यंत्राचे पॅडल जाणूनबुजून दाबले, असा निष्कर्ष काढण्यास कोणतीही अडचण नाही.’

प्राथमिक अहवालाचा हा सातवा परिच्छेद सरिताने एवढ्यांदा वाचला होता की त्यातली स्वल्पविरामांची जागाही तिला पाठ झाली होती. अडचण नाही, हे तर खरेच होते. ज्याला पाहायचेच नाही, त्याला अडचण कसली येणार?

सरिता नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवी. जुन्या सनदा, करारपत्रे, महजर यांत कोण खोटे बोलतो आहे आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे ओळखणे हा तिचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. त्या सवयीने तिने बापाच्या, सावळीरामच्या, वैद्यकीय कार्डाची छायाप्रत समोर मांडली. युनियनतर्फे बचावाचे काम पाहणाऱ्या किशोरने ती आणून दिली होती. नऊ वर्षांच्या नऊ ओळी. ‘श्रवण’ या रकान्यात नऊ वेळा ‘सामान्य’. त्याच्याच शेजारच्या रकान्यात रक्तातली साखर: एकशे नव्वद, दोनशे दहा, दोनशे साठ, आणि शेवटच्या वर्षी तीनशे चाळीस. शेऱ्याच्या जागी दरवर्षी एकच उपदेश: ‘गोड कमी खावे.’ ज्या हाताने साखरेचा चढता आकडा लिहिला, त्याच हाताने दोन बोटांच्या अंतरावर ‘सामान्य’ लिहिले होते, आणि त्या दोन बोटांत त्या हाताला नऊ वर्षे काही खटकले नव्हते. शिवाय यंत्राच्या मागची संरक्षक जाळी काम अडते म्हणून दोन महिन्यांपूर्वीच काढून ठेवलेली होती. तो उल्लेख अहवालाच्या चौदा पानांत कुठेही नव्हता. जाळीला बहुधा श्रवणशक्ती नसल्यामुळे तिच्यावर आरोप ठेवता आला नसावा.

घडले होते ते एवढेच. १९९९ च्या मार्च महिन्यात, सातपूरच्या त्या कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, सहकारी वाल्मीक अडकलेला पत्रा काढायला यंत्राच्या मागच्या बाजूने आत वाकला. पुढे, यंत्र चालवणाऱ्या पॅडलवर, सावळीराम होता. वाल्मीक ओरडला. वीस पावलांवरच्या फोरमनला ते ऐकू आले. सावळीरामला आले नाही. त्याने पॅडल दाबले. बावीस वर्षांची जोडी होती ती. एकाच पाळीत, एकाच यंत्रावर, एकाच डब्यात जेवणारी.

तेव्हापासून सावळीराम घरात भिंतीला टेकून बसे. जेवायला वाढले तर जेवे.

“ह्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं,” हे आईचे, वत्सलाबाईचे, गेल्या सहा-सात वर्षांतले पालुपद. “मी ओरडून घसा बसवते, नि हे ‘हो हो’ म्हणून मान डोलावतात. नंदीबैल बरा, त्याच्या गळ्यात घुंगरू तरी असतं!” घरातली सगळी त्यावर हसत. सरिताही हसली होती. बाप फोनवर दोन वाक्यांत ‘ठेवतो’ म्हणे, तेव्हा मुलीच्या नोकरीचे, तिच्या पुस्तकांचे त्याला कौतुक नाही, असा अर्थ तिने लावला होता आणि मनात अढी धरली होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या शाईवरून त्याची नियत ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या बापाची मान का डोलते, हे वाचता आले नव्हते. अहवाल लिहिणाऱ्यांवर ती जळत होती, त्यातली काही आग घरच्याच चुलीतली होती.

तिने बापाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. काचेच्या खोलीत, कानांवर यंत्र लावून सावळीराम बसला. आवाज आला की बोट वर करायचे, असे त्याला समजावले होते. सरिता काचेतून पाहत होती. बोट बराच वेळ गुडघ्यावरच पडून राहिले. मध्येच सावळीरामने तिच्याकडे पाहिले, आता करू का, असे विचारल्यासारखे. तिने तोंड फिरवले.

डॉक्टरांनी आलेख पुढे सरकवला. रेघ डावीकडून निघून उजवीकडे कड्यावरून कोसळावी तशी कोसळत होती.

“मधुमेहात आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा झिजतात, असं काही अभ्यास सांगतात, काही जण ते मानत नाहीत,” ते म्हणाले. “त्यात प्रेसशॉपचा आवाज. कुणाचा वाटा किती, ते मी सांगणार नाही. पण बारीक, उंच आवाज ह्यांच्यासाठी केव्हाच संपलेत. पाच-सहा वर्षं तरी हा माणूस ओठ वाचून जगतोय. इतक्या साखरेवर डोळे तपासतात, पाय तपासतात. कान कुणी तपासत नाही. कारखान्यात कळलं नाही कुणाला?”

हाच प्रश्न किशोरनेही विचारला, जरा वेगळ्या सुरात. “मॅडम, आलेख म्हणजे आपला हुकमाचा पत्ता आहे. पण पलीकडचा विचारणार ना, कान गेले होते तर सहा वर्षं तपासणीत पास कसे झाले?”

“कारण तपासणीच झाली नाही. डॉक्टरनं नुसतं लिहिलं.”

“तसं नाही हो. तपासणी होते. मी स्वतः दिलीय. डॉक्टर मागं उभा राहतो, तोंडापुढं फाइल धरतो, दोन आकडी नंबर कुजबुजतो. आपण तो मोठ्यानं म्हणायचा. तासाभरात चाळीस माणसं उरकतो, ते सोडा. पण नंबर सांगावा लागतो.”

सरिताचे सगळे प्रतिपादन या एका खिळ्यावर लटकले. ऐकू न येणाऱ्या माणसाने पाठीमागून कुजबुजलेला आकडा सहा वर्षे बिनचूक सांगितला कसा?

उत्तर सातपूर कॉलनीत, वाल्मीकच्या घरी मिळाले. सरिता गेली होती ती वाल्मीकच्या विधवेची, धोंडाबाईची, साक्ष मिळते का पाहायला. धोंडाबाई मूळची सायखेड्याची. दुःखातही तिची वाणी नदीकाठच्या वाऱ्यासारखी मोकळी होती.

“ये सरू. बस. भाऊ जेवतेत का? नाय ना? मला ठावं हाय. त्यांना म्हणावं, तुमच्यावर राग नाय माझा. हे असते तर त्यांनीच झापलं असतं तुम्हांला, उपाशी राहिला म्हणून.”

सरिताने प्रश्न विचारला. धोंडाबाईने उठून फळीवरच्या डब्यातून तीन नळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. मलमाच्या नळ्या. तिन्ही न फोडलेल्या.

“ह्ये बघ. ह्यांना कधी खाज नव्हती का खरूज नव्हती. पर डागदरानं तीन सालं दिलं ह्ये मलम.” आणि ती एकदम हसली, डोळ्यांत पाणी असतानाच. “आगं, रांगेत भाऊंच्या समोर हेच उभे राहायचे. ठरवून. डागदर भाऊंच्या मागं कुजबुजला, की ह्यांना तेवढं ऐकू यायचं, लय तिखट कान. मग हे छाती खाजवायचे. बोटांनी. चार न् सात, सत्तेचाळीस. शॉपमधी त्या आवाजात समदे हातांनीच बोलतेत ना. डागदराला वाटलं, ह्या माणसाला खाजच लय!”

डॉक्टरला खाजवणारे बोट दिसले होते. त्याने त्याची दखल घेतली होती, निदान केले होते, औषधही दिले होते. सरकारी भाषेत याला दक्षता म्हणतात.

“पण का, काकू?”

“आता का म्हंजे? कान गेले म्हणून कामावरून काढलं असतं. हे म्हणायचे, माझे दोन कान हायेत, त्यातला एक सावळीरामचा.” धोंडाबाईने पदराने नळ्या पुसल्या. “ह्ये कागदावर नको घालू, सरू. आमच्या पूजाला ह्यांच्या जागी पॅकिंगमधी घेनार म्हणतेत. साहेब म्हणला, वाल्मीकचा काय दोष नाय, तर पोरीचं काम झालं समज. दोष निघाला तर…”

ते वाक्य इतिहासाच्या प्राध्यापिकेला पुरे करता आले. आलेख मांडला की बाप सुटत होता. बाप सुटला की प्रश्न उभा राहत होता, बहिरा माणूस यंत्रावर कोणी ठेवला. आणि त्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर नव्हते, व्यवस्थापन नव्हते, काढून ठेवलेली जाळी नव्हती. कागदापुरते ते उत्तर एका मेलेल्या माणसाची बोटे होती. नऊपैकी सहा ‘सामान्य’ खोटी होती हे खरे. पण ती सहा खोटी ज्याने रचली, त्याच्याइतका सच्चा माणूस त्या आवारात दुसरा नव्हता.

घरी येऊन ती बापासमोर बसली, उजेडाकडे तोंड करून, ओठ दिसतील अशी. इतकी वर्षे असे बसायला हवे होते.

“अण्णा, मला काकूंनी सांगितलं. बोटांचं.”

सावळीरामने मान डोलावली नाही. याचा अर्थ, त्याला कळले होते.

“आपण आलेख देऊ. वाल्मीककाकांचं नाव न घेता देऊ.”

“विचारतील.”

“विचारू देत. मी लढेन. डॉक्टरवर येईल, जाळीवर येईल.”

“सरू, तू शिकलेली हायेस. तूच सांग. जित्यावर येतं का मेल्यावर येतं?”

सरिताने अहवालाचा सातवा परिच्छेद त्याच्यापुढे धरला.

“मग तुमच्यावर येईल, अण्णा. जाणूनबुजून, असं लिहितील. वाल्मीककाकांना तुम्ही जाणूनबुजून…”

सावळीराम तिच्या ओठांकडे पाहत राहिला, ते पुन्हा हलतील म्हणून. हलले नाहीत, तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “त्यानं सहा वर्षं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मला एकदाच सांगायचंय.”

चौकशी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. सरिता गेटबाहेर कडुनिंबाखाली तीन तास उभी होती. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, मोटारसायकली निघून गेल्या. शेवटी किशोर आला. त्याच्या हातात आलेखाचे पाकीट होते, तिने चिकटवून दिले होते तसेच.

“मॅडम, मी काढणारच होतो. भाऊंनी टेबलाखाली माझं मनगट धरून ठेवलं. काय पकड आहे हो त्यांची.” मग त्याने जबाबाची नक्कल दिली. “साहेबांनी प्रश्न लिहून दाखवायची गरजच पडली नाही. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देत होते. साहेब म्हणाले, बघा, किती स्पष्ट ऐकू येतंय ह्यांना. तेही नोंदवून घेतलं.”

पूजाला जूनपासून पॅकिंग खात्यात कामावर घेतले गेले. सावळीराम गांगुर्डे यांना त्याच महिन्यात बडतर्फ करण्यात आले. अंतिम अहवालाने आपल्या निष्कर्षासाठी नवा पुरावा शोधला नाही. त्याची आवश्यकता नव्हती. आरोपिताच्या जबाबाचा शेवटचा भाग त्याने, एरवी दुर्मीळ अशा प्रामाणिकपणाने, शब्दशः उतरवून घेतला आहे:

‘माझ्या कानांना काही झालेले नाही. दर वर्षी मी तपासणीत माझे नंबर स्वतः ऐकून सांगितले. मला कोणी मदत केली नाही. त्या दिवशी वाल्मीकने मला माझ्या नावाने हाक मारली. ती मला ऐकू आली. चांगली ऐकू आली. तरी मी पॅडल दाबले.’